इनडोअर सायकलिंगचा पहिला क्लास: सोलापुरात सुरुवात करणाऱ्यांसाठी

जुळे सोलापुरातल्या एका फिटनेस स्टुडिओत दोन वर्षांपासून मी आठवड्यातून दोनदा इनडोअर सायकलिंगला जाते. गेल्या महिन्यात वहिनींना पहिल्यांदा बरोबर नेलं. त्यांचं वय ५२, रोजची बीपीची गोळी, आणि सायकल शेवटची चालवली ती कॉलेजात असताना. क्लास झाल्यावर त्या आरामात जिना उतरल्या, घरी जाऊन भाकऱ्या थापल्या आणि रात्री फोन करून म्हणाल्या, "वन्सं, आता परत कधी जायचं?"

मी पहिल्यांदा गेले होते तो स्टुडिओ वेगळा. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या पायऱ्या चढताना मला कठडा धरावा लागला आणि गुडघा आठ दिवस दुखत राहिला. वहिनींपेक्षा मी सात वर्षांनी लहान. पण त्या दिवशी मी उशिरा पोहोचले, मिळेल त्या सायकलवर बसले, सीट चार बोटं खाली होती आणि ते तिथल्या कोणाच्या लक्षातही आलं नाही. वहिनींची सीट मात्र आम्ही दहा मिनिटं खपून लावली होती. म्हणून या लेखात सीट, नॉब आणि पाणी यांवर जास्त लिहिलंय. पहिला क्लास बरा जाणार की वाईट, हे बहुतेक वेळा गाणी सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं.

क्लासमध्ये नेमकं काय असतं

एका खोलीत दहा-पंधरा जागच्या जागी उभ्या सायकली, समोर ट्रेनरची एक, मोठ्या आवाजात गाणी, आणि साधारण ४५ मिनिटं पायडल मारणं. कधी सपाट रस्ता समजून वेगात, कधी घाट समजून जड आणि सावकाश. सायकलला पुढे एक जड लोखंडी चाक असतं, बहुतेक १५ ते २० किलोचं. त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्यावरचा दाब एका नॉबने कमी-जास्त करायचा.

हा प्रकार सुरू केला जॉनी गोल्डबर्ग या दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या सायकलपटूने, १९८० च्या दशकाच्या अखेरीस. लांब पल्ल्याच्या शर्यतीचा सराव घरातच करता यावा म्हणून त्याने अशी सायकल तयार केली. 'स्पिनिंग' हे नाव तिकडे नोंदणीकृत आहे, म्हणून बरेच स्टुडिओ पाटीवर 'इनडोअर सायकलिंग' लिहितात. बोलताना सगळे स्पिनिंगच म्हणतात.

रस्त्यावरची सायकल सोडून हे कशाला, असं मलाही विचारतात. हिवाळ्यात पहाटे कंबर तलावाच्या बाजूने सायकल चालवण्याची मजा कुठल्याच खोलीत नाही, हे मान्य. पण आपल्याकडे मार्च लागला की साडेसातलाच ऊन टोचायला लागतं, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि होटगी रोड किंवा विजापूर रोडला संध्याकाळच्या गर्दीत नवख्याने सायकल काढणं मला तरी धोक्याचं वाटतं. इथे मागून ट्रक येत नाही, आणि दम लागला की तिथल्या तिथे थांबता येतं.

नाव नोंदवण्याआधी

स्टुडिओला फोन करा आणि स्पष्ट विचारा: नवख्यांसाठी वेगळी बॅच आहे का, नसेल तर आधी येऊन सीट लावून मिळेल का? साधे बूट चालतात की खाली क्लिप असलेले, पायडलला अडकणारे लागतात? खोलीत एसी किंवा मोठे पंखे आहेत का? यातल्या सीटच्या प्रश्नाला "या तुम्ही, होऊन जातं" असं उत्तर मिळालं तर दुसरीकडे बघा. ट्रायल क्लास बऱ्याच ठिकाणी मिळतो. तीन क्लास झाल्याशिवाय वर्षाची फी भरू नका, कितीही सवलत दाखवली तरी.

दुसरा फोन डॉक्टरांना. बीपी, मधुमेह, हृदयाचा त्रास, गुडघ्याचं किंवा कमरेचं ऑपरेशन, गरोदरपण, चालताना छातीत दुखणं, मधूनच चक्कर येणं, यातलं काहीही असेल तर विचारल्याशिवाय जाऊ नका. वहिनींच्या डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती अनेकांच्या कामाची आहे. बीपीच्या गोळ्यांतला बीटा ब्लॉकर हा प्रकार हृदयाची गती वाढू देत नाही. त्यामुळे अशी गोळी घेणाऱ्याच्या हातातलं घड्याळ ११० दाखवत असेल, पण शरीर मात्र दमलेलं असेल. अशांनी आकड्यावर न जाता बोलण्यावर जायचं. ते कसं, हे पुढे येतंच. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामात एकदम खाली जाऊ शकते. डोस आणि खाण्याची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या, खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा आणि ट्रेनरच्या कानावर घाला.

खाणं आणि पाणी

भरल्या पोटी पायडल मारलं की मळमळतं, आणि रिकाम्या पोटी पंचविसाव्या मिनिटाला डोळ्यांपुढे अंधारी येते. जेवण झालं असेल तर दोन-अडीच तास जाऊ द्या. सकाळी सहाची बॅच असेल तर उठल्यावर एक केळं किंवा दोन-तीन खजूर पुरतात. संध्याकाळी सातच्या बॅचला जायचं तर पाचच्या सुमारास थोडं खा. शेंगापोळी मात्र त्या दिवशी नंतरसाठी ठेवा, तेल-तूप आणि शेंगदाण्याचं खाणं पोटात बराच वेळ बसून राहतं.

पाण्याची तयारी क्लासच्या दिवशी दुपारपासूनच सुरू करायची. ऑफिसात दिवसभर चहावर काढलेला माणूस सायकलवर बसण्याआधीच सुकलेला असतो. क्लासच्या दोन तास आधीपासून अर्धा लिटर पाणी थोडं थोडं करून प्या आणि एक लिटरची बाटली बरोबर ठेवा. आपल्या कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, किती गेला ते कळत नाही. बंद खोलीत तो हँडलवर टपटप पडायला लागला की कळतं. उन्हाळ्यात बाटलीत लिंबू, चिमूटभर मीठ आणि चमचाभर साखर घाला. बीपीमुळे मीठ कमी खायला सांगितलं असेल तर साधं पाणीच घ्या.

काय घालायचं

पायात घट्ट बसणारी ट्रॅक पँट किंवा लेगिंग्ज. सलवार, पलाझो, ओढणी नको. पायडलच्या दांड्यात कापड अडकतं आणि चाक लगेच थांबत नाही. बुटाचा तळ टणक हवा, मऊ तळव्याच्या बुटात पायडल टोचून चवडा बधिर होतो. लेस आत खोचायची. मोठं मंगळसूत्र किंवा लांब साखळी काढून ठेवा, नाहीतर टी-शर्टच्या आत घ्या. पुढे वाकल्यावर ती हँडलवर आपटत राहते.

टॉवेलच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. सोलापूरच्या टेरी टॉवेलला चादरीसारखंच भौगोलिक मानांकन आहे, आणि घरोघरी कपाटात त्याचे दोन-चार नॅपकीन असतातच. एक हँडलवर आडवा टाका, हात घसरत नाहीत. दुसरा तोंड पुसायला. वहिनी अंघोळीचा मोठा टॉवेल घेऊन आल्या होत्या, तो लोंबून पायडलपर्यंत यायला लागला म्हणून काढून ठेवावा लागला.

सीट लावणं: इथे घाई करू नका

पहिल्या दिवशी निदान १५ मिनिटं आधी पोहोचा. ट्रेनरला सांगा, "मी आज पहिल्यांदाच आलेय." हे वाक्य सांगायला लाजू नका. मी लाजले होते.

सुरुवात उंचीपासून. सायकलच्या शेजारी सरळ उभं राहा. कमरेच्या बाजूला हात ठेवला की जे हाड लागतं, साधारण त्या पातळीला सीटचा वरचा भाग यायला हवा. सीटच्या दांड्यावर भोकं आणि आकडे असतात. बाजूची गुंडी सैल करून ओढली की दांडा वर-खाली होतो. नंतर गुंडी घट्ट पिळून, सीट दोन्ही हातांनी हलवून बघायची.

वहिनींना ती उंची बघून भीतीच वाटली. "एवढी उंच? मी पडेन की!"

"बसा तर खरं काकू, मी धरलंय," ट्रेनर म्हणाला.

बसल्यावर खरी परीक्षा. एक पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. मग टाच काढून चवडा ठेवा. आता गुडघ्यात थोडासा बाक दिसेल, २५ ते ३५ अंशांचा. तेवढाच हवा. वहिनींनी दहा-बारा फेऱ्या मारल्या तेव्हा मी मागे उभी राहून बघत होते. प्रत्येक फेरीला त्यांची कंबर डावी-उजवीकडे डुलत होती. म्हणजे पाय पुरत नाही, सीट जास्त वर आहे. एक भोक खाली घेतली आणि डुलणं थांबलं. ही खूण आपली आपल्याला दिसत नाही, म्हणून कोणालातरी मागून बघायला सांगा. पुढे कधी गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीपाशी दुखायला लागलं तर सीट बहुधा खाली आहे. मागच्या बाजूला, लवणीत ओढ बसत असेल तर बहुधा वर आहे.

मग सीट पुढे-मागे. दोन्ही पायडल जमिनीला समांतर आणा, एक पुढे, एक मागे. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीवरून ओळंबा सोडला असं समजा, तो पायडलच्या मधोमध पडायला हवा. गुडघा त्याच्याही पुढे जात असेल तर सीट मागे घ्या.

हँडल पहिल्या दिवशी सीटइतकं किंवा थोडं वरच ठेवा. खाली वाकून चालवणारे जुने लोक ऐटदार दिसतात, पण त्यांच्या कमरेला सवय झालेली असते. कोपर हलकेच वाकलेले, खांदे कानांपासून लांब, आणि हँडल नुसतं धरलेलं. पकड घट्ट असेल तर पंधरा मिनिटांत मान आखडते.

शेवटी पट्टा. चवड्याचा फुगीर भाग पायडलच्या मधोमध येईल असा पाय ठेवून पट्टा ओढायचा. पाय आत हलता कामा नये, पण मुंग्याही यायला नकोत. क्लिपचे बूट पहिल्या दिवशी नकोतच. ते काढायला टाच बाहेर फिरवावी लागते आणि घाबरल्यावर नेमकं तेच आठवत नाही.

नॉब आणि ब्रेक

क्लास सुरू व्हायच्या आधी हे एकदा स्वतःच्या हाताने करून बघा. नॉब उजवीकडे फिरवला की जड, डावीकडे फिरवला की हलकं. बहुतेक सायकलींत तोच नॉब खाली दाबला की ब्रेक लागतो, काही ठिकाणी वेगळी दांडी असते. ब्रेक शिकण्याचं कारण महत्त्वाचं आहे. रस्त्यावरच्या सायकलला आपण पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं आणि पायडल स्थिर राहतात. इथल्या बहुतेक सायकलींत चाक आणि पायडल एकमेकांना बांधलेले असतात. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. वेगात असताना पाय एकदम थांबवला तर ते जड चाक गुडघ्याला झटका देतं, आणि पाय बाहेर काढला तर फिरतं पायडल पोटरीवर बसतं. थांबायचं असेल तेव्हा आधी नॉब दाबा, चाक थांबू द्या, मग पाय काढा. वहिनींकडून हे मी पाच वेळा करून घेतलं.

नॉब अगदी सैल सोडून भन्नाट वेगाने पाय फिरवणं ही नवख्यांची नेहमीची चूक. चाक आपल्याला ओढतं, आपण सीटवर उड्या मारतो, आणि गुडघ्यांवर ताबा राहत नाही. पायाखाली कायम थोडा तरी भार जाणवायला हवा, ओल्या मातीत सायकल चालवल्यासारखा.

ट्रेनर "नॉब अजून एक फेरी वाढवा" म्हणेल. वाढवणं तुमच्यावर आहे. तुमच्या नॉबवर किती भार आहे हे शेजारच्याला दिसत नाही, ट्रेनरलाही नीट दिसत नाही. पहिल्या दिवशी तो तीनदा वाढवायला सांगेल तेव्हा एकदा वाढवा.

क्लास चालू असताना

जागा मधल्या रांगेत कडेला घ्या. ट्रेनर दिसतो, आणि मधेच बाहेर जायचं झालं तर कोणाला ओलांडावं लागत नाही. स्पीकरच्या तोंडाशी बसू नका. आवाज जास्तच वाटला तर मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे बोळे कानात घाला, सूचना तरीही ऐकू येतात.

पहिली पाच-सात मिनिटं हलक्या भाराने पाय मोकळे करायचे. नंतर सपाट रस्त्याला मिनिटाला ८० ते १०० फेऱ्या आणि चढाला ६० ते ८०, असा साधारण हिशेब असतो. सायकलवर स्क्रीन नसेल तर उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा आणि चारने गुणा. २० वेळा आला तर ८० फेऱ्या. वहिनी आमच्याकडच्या तेलुगू आणि मराठी गाण्यांच्या ठेक्यावर आपोआप ८०-८५ ला राहिल्या.

किती दमायचं याचं माप: शेजारणीला एक पूर्ण वाक्य सांगता आलं पाहिजे. गाणं म्हणता येत असेल तर भार थोडा वाढवा. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर नॉब डावीकडे. घड्याळावर भरवसा असणाऱ्यांसाठी एक सूत्र आहे. वयाला ०.७ ने गुणून ते २०८ मधून वजा करा, म्हणजे हृदयाची अंदाजे कमाल गती मिळते. ४५ व्या वर्षी ती १७६ च्या आसपास येते. पहिल्या क्लासला तिच्या ६० ते ७५ टक्क्यांत, म्हणजे साधारण १०५ ते १३० मध्ये राहा.

उभं राहून पायडल मारायचा भाग येतो तेव्हा खोलीत उत्साह चढतो. तुम्ही बसून राहिलात तरी चालतं, आणि पहिल्या दिवशी मी तेच सांगेन. करून बघायचंच असेल तर आधी भार वाढवा, कारण हलक्या चाकावर उभं राहिलं की पाय निसटतो. वजन पायांवर, हात नुसते टेकलेले, कंबर सीटच्या वरच. वीस सेकंद पुरे. उभ्यानेच हँडलवर जोर काढण्याचे किंवा सायकलवर बसून डंबेल उचलण्याचे प्रकार कुठे कुठे घेतात, ते मला आजही पटत नाहीत. तेवढा वेळ पाणी प्या.

छातीत दुखणं किंवा दाब, डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, थंड घाम, यातलं काही झालं तर लगेच नॉब दाबून थांबा आणि हात वर करा. साधी धाप लागली तर मात्र एकदम उतरू नका. भार कमी करून पाय हळूहळू फिरवत राहा. जोरात चाललेलं काम अचानक थांबवलं की पायांत रक्त साचतं आणि चक्कर येते. त्याच कारणाने शेवटची पाच मिनिटं सोडून जाऊ नका. पोटरी, मांडीची पुढची-मागची बाजू आणि खुबा ताणून घ्यायला तिथेच वेळ मिळतो.

पुढचे दोन-तीन दिवस

घरी गेल्यावर तासाभरात जेवा. भाकरी, घट्ट वरण किंवा पिठलं, दही, शेंगाची चटणी, खाणाऱ्यांना अंडी. त्यासाठी प्रोटीनचा डबा विकत आणायची गरज नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात आणि बसायचं हाड ठणकतं. हे अपेक्षित आहे. सीटचं दुखणं तीन-चार क्लासांत कमी होतं. नाहीच झालं तर आत पॅड असलेली सायकलिंगची चड्डी मिळते. ती थेट अंगावर घालायची, आत दुसरं काही नाही, नाहीतर शिवणीने सोलवटतं.

एक दुखणं मात्र वेगळं असतं, आणि ते प्रत्येक नवख्याला ठाऊक असायला हवं. सवय नसलेल्या स्नायूंवर एकाच दिवशी फार जोर पडला तर स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यातलं द्रव्य रक्तातून मूत्रपिंडात जाऊन ते निकामी करू शकतं. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. पहिल्याच स्पिनिंग क्लासनंतर हे झालेल्या धडधाकट तरुणांची नोंद २०१७ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आली होती. हे क्वचित होतं. क्लासनंतर दोन-तीन दिवसांत मांड्या सुजून टणक झाल्या, पाय उचलवेना, किंवा लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर घरगुती उपाय करत बसू नका, दुखणं थांबवणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्याच तासाला दवाखाना गाठा आणि पहिल्यांदाच स्पिनिंग केल्याचं डॉक्टरांना सांगा. नॉब कमी ठेवा, पाणी प्या, असं मी वर पुन्हा पुन्हा म्हटलंय ते यासाठी.

दुसरा क्लास

मधे निदान दोन दिवस सोडा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला दमवणारा व्यायाम ७५ ते १५० मिनिटं करायला सांगते. ४५ मिनिटांचे दोन क्लास त्यात बसतात, रोज जायची गरज नाही. स्क्रीनवरच्या कॅलरीच्या आकड्यावर जेवणाचा हिशेब मांडू नका. ज्या सायकलने तुमचं वजनही विचारलेलं नाही, तिला तो नीट काढता येत नाही.

पहिल्या दिवशी उतरायच्या आधी सीटच्या आकड्यांचा फोटो काढून ठेवा. वहिनींचे आकडे होते सीट ५, मागे-पुढे ३, हँडल ८. कंपनी बदलली की आकडे बदलतात, म्हणून सायकलचं नावही फोटोत येऊ द्या. दुसऱ्या वेळी त्या माझ्या आधी पोहोचल्या होत्या. मी गेले तेव्हा चष्मा कपाळावर चढवून, मोबाईल सीटजवळ धरून, ३ चा आकडा शोधत होत्या. सीट त्यांची त्यांनीच लावली, हलवून बघितली, आणि नॉब दाबून चाक थांबतंय ना याची खात्री करून मगच चढल्या.